विमानाचे ठिगळ

फुटक्या घागरीला तांबट ठिगळ लावतो. विमानालाही ठिगळ लागते, बरे का! कसे, ते आम्ही सांगतो.

अमेरिकेत विचिटा शहरी १९४६ साली सेस्ना १४० हे दोन माणसांचे छोटे विमान बनू लागले. त्यांतली काही अजून उडतात. पंखांवर कापड, पण धड अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे. हा पत्रा नुसते पांघरूण नव्हे. घराच्या वाशासारखा तोही भार पेलतो.

म्हणून चीर पडली की तशीच ठेवून चालत नाही. फाटके धोतर ओढले की आणखी फाटते, तशी चीर पुढे सरकते. कारागीर आधी तिच्या टोकाला बारीक गोल भोक पाडतो. मग ताण एका टोकावर येत नाही, चीर थोपते. त्यावर त्याच जातीच्या, निदान तेवढ्याच जाड पत्र्याचे ठिगळ रिबिटांनी बसवतात. रिबिट कडेपासून त्याच्या जाडीच्या दुप्पट तरी आत हवे, नाहीतर कड फाटते. साधे लोखंडी रिबिट नको. ओल लागली की शेजारचे अॅल्युमिनियम झिजते.

शेवटी परवानेवाला कारागीर काम तपासून वहीत सही करतो. सहीवाचून उड्डाण नाही. घागर गळली तर पाणी सांडेल. इथे जिवाशी गाठ आहे!