बकरी ईद आता भर उन्हाळ्यात. पनवेलकरांनो, पाण्याचं आधीच बघूया

2019 साली बकरी ईद 12 ऑगस्टला, भर पावसात आली होती. 2025 मध्ये ती 7 जूनला झाली. इस्लामी वर्ष चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं. म्हणून ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते. आता काही वर्षं ती मे महिन्यातच येणार.

आणि मे महिन्यातलं पनवेल आपल्याला ठाऊक आहे. आपलं देहरंग धरण जुनं, त्यात गाळ साचलेला. पाऊस कितीही पडला तरी साठा थोडाच राहतो आणि उन्हाळ्यात तळ दिसतो. मग बाहेरून घेतलेल्या पाण्यावर शहराचं भागवायचं. त्यातच सुट्टीला आलेले पाहुणे आणि कुर्बानीची साफसफाई.

मग आपण काय करू शकतो? कुर्बानी 10, 11 आणि 12 जिल्हज, तिन्ही दिवस जायज आहे. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी घाई केली नाही, तर पाण्यावरचा ताण वाटला जाईल. धुण्याआधी जागा कोरडी झाडून घ्यावी, पाइप सोडू नये. टाकाऊ भाग गटारात न टाकता पालिकेच्या गाडीतच द्यावा.

वुजूचंही तसंच. नबी करीम (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे जेमतेम पाऊण लिटरात वुजू करत, असं सहीह बुखारीत आहे. आपण नळ सोडून अर्धी बादली घालवतो. लोटा घेऊया. वाचलेलं पाणी शेजाऱ्याच्याही कामी येईल.