खडकातले पाणी किती खारे?

खोल विहिरीतील एखादा वालुकाश्म विजेला मोठा रोध करतो. त्यात तेल आहे की नुसतेच गोडे पाणी? हे ठरवण्यासाठी थरातील पाण्याची रोधकता आधी माहीत हवी. पाण्याचा नमुना वर न आणता ती कशी काढतात ते पाहू.

विहिरीत एक इलेक्ट्रोड सोडला व दुसरा जमिनीवर ठेवला, तर बाहेरून वीज न देताही दोहोंमध्ये काही मिलिव्होल्ट विभवांतर मिळते. हेच स्वयंविभव. श्लुम्बर्जर बंधूंच्या कंपनीने १९३१ पासून त्याचे आलेख घेतले.

हे विभव येते कोठून? विहीर खोदताना वापरलेल्या चिखलाचे पाणी बहुधा कमी खारे असते, थरातील पाणी अधिक खारे. मिठाचे आयन कमी खाऱ्या बाजूकडे निघतात. वालुकाश्मात क्लोराइड आयन सोडियमपेक्षा वेगाने सरकतात. शेजारच्या शेलमधून मात्र जवळजवळ सोडियमच पार होतात. दोहोंमुळे वालुकाश्मासमोरचे विभव शेलसमोरच्यापेक्षा ऋण होते.

सूत्र असे:

विभव = −क × लॉग (चिखलाच्या पाण्याची रोधकता ÷ थरातील पाण्याची रोधकता)

सुमारे ६२° सेल्सियसला 'क' ८० मिलिव्होल्ट असतो. आलेख −८० दाखवत असेल, तर लॉग १, म्हणजे गुणोत्तर १०. त्या तापमानाला चिखलाच्या पाण्याची रोधकता ०.५ ओहम-मीटर असल्यास थरातील पाण्याची ०.०५.

मात्र थर पातळ असेल किंवा त्यात शेल मिसळलेला असेल, तर आलेख कमी झुकतो. मग रोधकता खऱ्यापेक्षा जास्त निघते आणि तेलाचा थर पाण्याचा समजून सोडून दिला जाऊ शकतो. म्हणून आपण आकडा मांडण्यापूर्वी थराची जाडी पाहावी.