पाण्याची वही आता संगणकावर
ग्रामीण सेवासंस्थांची नवी साधने व त्यांचा योग्य उपयोग

कयाधूच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास पाण्याच्या हिशेबाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ज्येष्ठात लावलेली हळद आठ-नऊ महिने रानात उभी असते व पौषापर्यंत तिला पाणी द्यावे लागते. विहिरीतील पाण्याचा अंदाज आश्विनात चुकला, तर बेणे, खत व मजुरी यांवर केलेला खर्च वाया जातो. म्हणूनच पावसाळा संपताच गावचे पाणी मोजून रब्बीची पिके ठरवावी लागतात. यासच पाण्याचा ताळेबंद म्हणतात. या कामी अनेक स्वयंसेवी संस्था आता इंटरनेटवरील साधने वापरीत आहेत.

हिशेबाचे मूळ

एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १०,००० लिटर पाणी मिळते. गणित सोपे आहे. अवघड आहे ते नोंदी नियमित ठेवणे. शंभर विहिरींची पातळी दर पंधरवड्यास मोजावयाची, बेरजा करावयाच्या व त्या ग्रामसभेपुढे मांडावयाच्या, हे काम मोठे आहे. शिवाय वही एकाच कार्यकर्त्याजवळ राहते. तो परगावी गेला, की चार वर्षांच्या नोंदीही त्याच्याबरोबर जातात.

साधने कोणती?

२००८ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात ‘ओपन डेटा किट’ नावाची विनामूल्य संगणकप्रणाली तयार झाली. तिच्यायोगे मोबाइलवर प्रश्नपत्रक भरता येते. रानात रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते व रेंज मिळताच मुख्य संगणकाकडे पाठविली जाते. इंटरनेटवरील सामायिक तक्ता हे दुसरे साधन होय. त्यात एकाने भरलेला आकडा इतर सर्वांना तत्काळ दिसतो व बेरीज आपोआप होते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांस गूगल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्या पात्रतेनुसार काही सेवा विनामूल्य अथवा सवलतीने देतात.

महाराष्ट्रातील अनुभव

२०१६ मध्ये स्थापन झालेल्या पाणी फाउंडेशनने २०१८ च्या १ मे रोजीच्या श्रमदानासाठी शहरातील ‘जलमित्रां’ची नोंदणी इंटरनेटवर केली. पुढे त्याच संस्थेने डिजिटल शेतीशाळा भरवून कृषिशास्त्रज्ञ व शेतकरी यांची गाठ घरबसल्या घालून दिली. शासनाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोली जिल्ह्याचा समावेश होता. त्यात गावाचा पाणी-ताळेबंद संगणकावर मांडण्याच्या कामी मुंबईच्या आय.आय.टी.चे साहाय्य झाले. तेव्हा प्रत्येक संस्थेने सर्व काही नव्याने उभारण्याचे कारण नाही.

दक्षता

साधन कितीही चांगले असले, तरी आकडा खोटा असेल तर निर्णयही खोटा ठरतो. ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. विहिरीवर न जाता घरी बसून आकडा भरू नये. दोरी सोडून पाणी मोजावे व त्याच जागी नोंद करावी.

२. खात्याचा सांकेतिक शब्द किमान दोन जबाबदार व्यक्तींजवळ असावा. फोनवर आलेला ओटीपी मात्र कोणासही सांगू नये.

३. नाव, फोन व जमिनीची माहिती घेण्यापूर्वी कारण सांगून संमती घ्यावी. या विषयी २०२३ चा स्वतंत्र कायदा आहे.

४. सातबारावर अद्याप मृत पतीचेच नाव असलेल्या भगिनीची विहीर यादीतून सुटू देऊ नये. ज्याच्याजवळ फोन नाही, त्याच्याही पिकास पाणी लागते.

५. दर महिन्यास तक्ता कागदावर काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

यातील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची होय. फोनमध्ये राहिलेला हिशेब थोड्यांनाच कळतो. फलकावर लागलेला हिशेब साऱ्या गावाचा होतो. चूक झाली असेल, तर ‘माझ्या विहिरीत एवढे पाणी नाही’ असे सांगणारा शेतकरी तेथेच भेटतो, आणि हरभरा घ्यावा की गहू, याचा निर्णय पेरणीपूर्वीच सुधारता येतो. विहीर आटल्यावर कळलेली चूक कोणत्याही संगणकास दुरुस्त करता येत नाही.