घडीचा चाकू, चार फोडी

रविवारी पहाटे मार्केट यार्डच्या फळबाजारात कधी गेला आहात? नसाल, तर एकदा झोप मोडून जाच. टेम्पोंची रांग, डोक्यावर ओझं घेऊन वाट काढणारे हमाल, पायाखाली पेंढा आणि या सगळ्यात गाळ्यावरचा एखादा विक्रेता कलिंगड उचलतो, चाकू फिरवतो आणि लालबुंद खाप काढून तुमच्यापुढे धरतो. आधी चव, मग भाव. सुतळी कापायला, खोकं उघडायला, देठ छाटायला इथे बहुतेकांच्या हाताशी काहीतरी धारदार असतंच. कुणी कुणाला दचकत नाही.

आता तोच चाकू, तोही बोटभर लांबीचा, एखाद्या कॅफेत खिशातून काढून बघा. शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबेल. त्यात त्यांचीही चूक नाही. गेल्या काही वर्षांत पुण्यात 'कोयता' हा शब्द शेतातून निघून थेट क्राइमच्या पानावर येऊन बसलाय. २०२३च्या सुरुवातीला तर कोयता घेणाऱ्याची नोंद ठेवा, असं पोलिसांनी विक्रेत्यांना सांगितलं होतं. अशा शहरात 'मला चाकू आवडतात' हे वाक्य घरी, आईसमोर कसं म्हणायचं?

पण ते म्हणणारे आहेत. ट्रेकर, सायकलवाले, घरातला प्रत्येक मिक्सर एकदा तरी उघडून बघितलेले. त्यांच्याबरोबर एखाद्या गडावर जा, म्हणजे कळेल की या धारदार छंदातला नव्वद टक्के वेळ काकडी कापण्यात जातो. मार्केट यार्ड हा घाऊक बाजार, तिथे एकट्यादुकट्यासाठी पाव किलो घ्यायला गेलात तर फारसं कुणी विचारणार नाही. म्हणून ग्रुपने मिळून काकड्या, टोमॅटो, लिंबं, पेरू घ्यायचे आणि सॅकमध्ये वाटून टाकायचे. वर पोचलं की ब्रेड, बटर आणि काकडीच्या पातळ चकत्या. इंग्रजांच्या दुपारच्या चहाबरोबरचं हे नाजूक सँडविच आपण हिरवी चटणी लावून गडावर नेलं आणि माझ्या मते सुधारलं. सोबत श्रूजबेरी बिस्किटं. इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव लावणारं हे बिस्किट कॅम्पातल्या, १९५५ पासूनच्या कयानी बेकरीमुळे इतकं पुणेरी झालंय की ते मूळचं परदेशी आहे हे सांगावं लागतं.

चाकूचंही तसंच. आपण 'स्विस नाइफ' म्हणतो, त्याची गोष्ट १८८४ मध्ये सुरू होते. कार्ल एल्सनर या कारागिराने स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावी कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त अवजारांचा चाकू नोंदवला. सैनिकांचा चाकू कशासाठी होता? डबे उघडायला आणि बंदूक खोलायला. म्हणजे मारामारीसाठी नव्हताच. कंपनीच्या नावातलं 'व्हिक्टोरिया' हे एल्सनर यांच्या आईचं नाव. हे घरी सांगून बघा, उपयोग होऊ शकतो.

तिकडे कशाला जायचं म्हणा. आजोबांच्या चंचीतला अडकित्ता आठवतोय? सुपारी कातरायची, चार जणांच्या हातावर ठेवायची, गप्पा सुरू. खिशातल्या चाकूचं काम हेच. एकट्याने पेरू खायला चाकू लागत नाही, दात पुरतात. चाकू लागतो तो चार फोडी करायला.

म्हणूनच या मंडळींत अलिखित नियम पुष्कळ. दुसऱ्याचा चाकू न विचारता उचलायचा नाही. देताना घडी करून द्यायचा, उघडाच द्यावा लागला तर मूठ समोरच्याकडे. पातं स्वतःच्या दिशेने ओढायचं नाही. लिंबू कापलं की लगेच पुसायचं, नाहीतर कार्बन स्टीलचं पातं काळं पडतं. बोथट चाकूवर जास्त जोर द्यावा लागतो आणि तो निसटून बोटावर येतो, म्हणून धार हवीच. आणि गंमत म्हणजे चाकू भेट दिला तर मैत्री तुटते, अशी ब्रिटनमध्ये जुनी समजूत आहे. उपाय सोपा: घेणाऱ्याने एक नाणं परत द्यायचं, म्हणजे तो विकत घेतला असं होतं. रिकामी कात्री चालवली की भांडणं होतात असं मानणाऱ्या आपल्याला हे लगेच पटतं. रुपया तयार ठेवा.

सुट्टीत प्रवासाला निघालात की मात्र खरी परीक्षा. विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, कितीही छोटा असो. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला चाकू हमखास विसरला जातो आणि सिक्युरिटीच्या ट्रेमध्येच आपला निरोप घेतो. चेक-इन बॅगेत ठेवा, विषय संपला. फक्त केबिन बॅग घेऊन गोव्याला निघालेल्यांनी तो घरीच ठेवावा. विमानतळांवरचे हे नियम ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभर इतके कडक झाले की चाकू बनवणाऱ्या कंपन्यांच्या विक्रीला मोठा फटका बसला. २०२४ मध्ये तर पातंच नसलेलं साधन बनवतोय, असं खुद्द व्हिक्टोरिनॉक्सने सांगितलं. पेरू कशाने कापायचा, ते आपलं आपण बघायचं!

कायदाही माहीत असू द्या. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेले त्यातून वगळलेत. पण सण-निवडणुकांच्या काळात पोलीस शस्त्रबंदीचे आदेश काढतात, तेव्हा खिशातला छोटा चाकूही नको. सॅकमध्ये, तोही ट्रेकच्या दिवशी, एवढं पुरे. उगाच मिरवायला कॉलेजात तर अजिबात नेऊ नका. या छंदाचं नाव खराब करायला तेवढं एक रील पुरतं.

आणि मास्टर्ससाठी यूकेला निघालेल्यांनो, तुमच्यासाठी खास. इंग्लंडमध्ये घडी होणारं, ३ इंचांपेक्षा लांब नसलेलं आणि उघडल्यावर लॉक न होणारं पातं असेल, तर चाकू खिशात बाळगायला कारण द्यावं लागत नाही. लॉक होणारा असेल तर सबळ कारण हवं. लॉक नसलेलं पातं दाब चुकला की बोटावर मिटतं, तेव्हा जपून. बॅग भरताना गडबड नको: चाकू चेक-इनमध्ये आणि श्रूजबेरीचं पाकीट केबिनमध्ये, हाताशी. त्या बिस्किटाला आपण त्याच्या गावी परत नेतोय, वाटेत चुरा व्हायला नको.