मागच्या पंजांची नखं

आम्ही दिल्लीत मुनिरकाच्या डीडीए फ्लॅट्समध्ये राहायला आलो तेव्हा आसपासच्या घरांत पाळलेली कुत्री असत ती बहुतेक पॉमेरेनियन. बाकी सगळी मुनिरका गावातली, मोकळी. मग २००३ साली हच या मोबाइल कंपनीची जाहिरात आली. मुलगा जाईल तिथे त्याच्यामागे दुडदुडत जाणारा चिका नावाचा पग. दोन वर्षांत आमच्या ब्लॉकमध्ये पाच पग झाले. त्यातला एक आमचा, गुंड्या.

आणला तेव्हा तो जेमतेम दीड महिन्याचा होता. त्याचे आईबाप कोण, ते विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. शेपटीचं वेटोळं किती घट्ट आहे, ते मात्र त्याने कौतुकाने दाखवलं.

आठव्या महिन्यात फरशीवर मागचे पंजे घासल्याचा आवाज येऊ लागला. मधली नखं पुढून झिजली होती. खात होता, खेळत होता, कुठे हात लावला तरी विव्हळत नव्हता. म्हणून आम्ही निर्धास्त. एका दवाखान्यात कॅल्शियम लिहून दिलं आणि त्यात चार महिने गेले. ते चार महिने मला अजून सलतात. शेवटी एक्स-रे काढला, तेव्हा पाठीच्या मध्यावर एक मणका पाचरीसारखा दिसला.

पिल्लू गर्भात असताना मणक्याचा एखादा भाग घडतच नाही. उरतो तो अर्धामुर्धा मणका; डॉक्टर त्याला हेमिव्हर्टिब्रा म्हणतात. पिल्लू वाढतं तसा तिथे पाठीला बाक येतो आणि आतला मज्जारज्जू दाबला जातो. वेदना बहुधा नसते, मागचे पाय मात्र हळूहळू लुळे पडतात. फ्रेंच बुलडॉगमध्ये असे मणके सर्रास सापडतात, तरी पुष्कळ कुत्री आयुष्यभर ठणठणीत चालतात. पगमध्ये असा मणका निघाला तर पाय जाण्याची भीती जास्त. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

गुंड्यासाठी शस्त्रक्रिया करणारं तेव्हा आम्हाला कुणी सापडलं नाही. शेवटची तीन वर्षं पोटाखाली टॉवेलची झोळी धरून आम्ही त्याला खाली फिरवत होतो. २०१० च्या पावसाळ्यात तो गेला.

तोवर हचचं व्होडाफोन झालं होतं, पगची हौस तशीच होती. २०१६ साली केंद्र सरकारने पैदाशीच्या धंद्यासाठी कुत्री आयात करणं बंद केलं. २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई झाली. २०१८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियर यांच्या पिळदार शेपटीमागचा जनुकातला बदल शोधून काढला. या जातींत शेपटीचे वेडेवाकडे मणके पिढ्यान्‌पिढ्या शोभा म्हणून निवडले गेले होते.

शस्त्रक्रियाही पुढे गेली. बाक पूर्ण सरळ करण्याचा हट्ट त्यात नसतो. तिथली हालचाल थांबवायची असते. बाकाच्या दोन्ही बाजूंच्या मणक्यांत स्क्रू किंवा पिना बसवून त्या बोन सिमेंटने जखडतात. पगचा मणका केवढासा! एका बाजूला मज्जारज्जू, खाली महाधमनी. म्हणून आता सीटी स्कॅनवरून त्याच कुत्र्याच्या मापाचा साचा थ्रीडी प्रिंटरवर काढतात आणि त्याच्या भोकातूनच ड्रिल घालतात. पाय पूर्ण जायच्या आत हे झालं तर आशा बरी असते.

रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठी थेट अमेरिकेत मिनेसोटा गाठावं लागलं होतं, आणि तरी उशीर झाला होता. २०२४ च्या जुलैत मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, सीटी आणि एमआरआयसह. ती बातमी वाचताना मला ती झोळी आठवली. आनंद झालाच. पण स्क्रू बसवणारे हात वाढले म्हणून असले मणके जन्माला घालत राहायचं, हे मला पटत नाही. पिल्लू घेताना त्याच्या आईबापाच्या पाठीचा एक्स-रे मागणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने पग आणला, सहा महिन्यांचा. बागेत भेटली तेव्हा मी खाली बसून त्याचे मागचे पंजे एकेक करून उचलले. नखं चारही बाजूंनी सारखी होती. “काय पाहताय, काका?” तिने विचारलं. मी तिला गुंड्याचं सगळं सांगितलं, आणि वर्षाचा होईपर्यंत दर रविवारी त्याला माझ्याकडे घेऊन ये म्हटलं.