नावांच्या मुळाशी : लेखांक ७
लोपामुद्रा

गेल्या आठवड्यात आपण अपालेचे नाव पाहिले. आजचे नावही ऋग्वेदातलेच. बंगालमध्ये ते अजून कानावर पडते. गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते बंगाली घराघरांत पोचले आहे. आपल्याकडे मात्र शाळेच्या हजेरीपटावर ते क्वचितच दिसते. याची मला खंत वाटते, कारण महाभारताच्या वनपर्वात लोपामुद्रा ही विदर्भराजाची मुलगी आहे. दमयंती आणि रुक्मिणी आपल्या तोंडी बसल्या. त्याच मातीतली ही तिसरी राजकन्या मागे राहिली.

नावाचा रूढ अर्थ या कथेशी जोडलेला आहे. पितरांच्या उद्धारासाठी अगस्त्यांना पुत्र हवा होता. मनाजोगी पत्नी मिळेना, म्हणून त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन एक कन्या घडवली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला दिली. जिच्यापुढे इतरांच्या रूपाची मुद्रा लोपली, ती लोपामुद्रा. अर्थ गोड आहे, पण मला तो अपुरा वाटतो. त्यात ती केवळ घडवलेली वस्तू ठरते, आणि तिला ओळखायचे ते रूपावरून.

खुद्द वनपर्वातली लोपामुद्रा तशी नाही. लग्न होताच तिने रेशमी वस्त्रे उतरवून वल्कले नेसली, नवऱ्याच्या बरोबरीने तप केले. पुढे अगस्त्य पुत्रप्राप्तीसाठी जवळ आले, तेव्हा तिने अट घातली : वडिलांच्या वाड्यात होती तशी शय्या हवी, अलंकार हवेत. तपाचा व्यय न करता हे सगळे आणायचे, म्हणून ऋषींना राजांच्या दारी जावे लागले. इल्वल-वातापीची प्रसिद्ध कथा घडते ती याच प्रवासात. हजार पुत्र की हजारांना भारी असा एक, असे विचारल्यावर तिने एकच विद्वान पुत्र मागितला.

तिचा सर्वांत जुना आवाज ऐकू येतो तो ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, १७९व्या सूक्तात. सूक्त अवघ्या सहा ऋचांचे आहे. परंपरा पहिल्या दोन ऋचांची ऋषिका म्हणून लोपामुद्रेचे नाव घेते. त्यांत ती सांगते की, वर्षानुवर्षे रात्रंदिवस कष्टून मी थकले, उगवणारी प्रत्येक पहाट वय वाढवते आणि जरा देहाची शोभा हिरावून घेते. सत्याने वागणाऱ्या पूर्वजांनाही व्रताचा शेवट गाठता आला नाही, मग पती-पत्नींनी एकत्र का येऊ नये? इतक्या प्राचीन काळी एका स्त्रीच्या तोंडी इतकी थेट, निर्भय मागणी आहे आणि ती वेदात जपली गेली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. सूक्ताच्या शेवटी तप आणि संसार या दोन्ही वाटा पोसणारा अगस्त्य दिसतो. ती दृष्टी त्याला दिली लोपामुद्रेने, असे माझे मत आहे.

पुढे शाक्त परंपरेने श्रीविद्येची उपासिका म्हणून तिला मान दिला. ललितासहस्रनामात देवीचे एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ असे आहे. कोडगूत तर कावेरी नदी म्हणजेच लोपामुद्रा.

तेव्हा घरात मुलीचे बारसे असेल, तर या नावाचा जरूर विचार करा. जन्मनोंदणीच्या अर्जावर ‘लोपमुद्रा’ असे लिहिले जाणार नाही, एवढे पाहा. ‘पा’चा काना ऋग्वेदापासूनचा आहे.

(पुढील आठवड्यात : विश्ववारा)