हिरवळीकाठचं जुनं घर

अमेरिकेत १९६५ साली इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि मराठी डॉक्टर-इंजिनीअरांची एक पिढी तिकडे स्थिरावली. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’सारखा उपक्रम चालवतं, त्यामागे हेच वाढलेलं वय आहे. मुलं आपापल्या शहरांत रमली आहेत. न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइटकडच्या दुमजली घरांचे जिने गुडघ्यांना झेपेनासे झाले आहेत आणि दर हिवाळ्यात बर्फ उपसणंही. म्हणून अनेकांची नजर ॲरिझोना, फ्लोरिडा, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठीच्या वसाहतींकडे वळते. फाटकावर पहारा, मागच्या अंगणापलीकडे गोल्फची हिरवळ, पोहण्याचा तलाव, दुपारी ब्रिजचा डाव आणि शेजारी आपल्याच वयाची माणसं.

गाजलेल्या जुन्या वसाहतींमध्ये बिल्डरकडची नवी घरं कधीच संपलेली असतात. मिळतं ते कुणी वीस-तीस वर्षं राहिलेलं घर, म्हणजे रिसेल. त्यात कमीपणा काहीच नाही. नव्या वसाहतीत बिल्डर पुढच्या काळाची आश्वासनं देतो, तर जुन्या वसाहतीने आपली आश्वासनं किती पाळली ते कागदावर उतरलेलं असतं. वर्गणी किती वेळा वाढली, छपरांसाठी पैसे साठवले की उडवले, गोल्फचं मैदान तोट्यात आहे का, हे सगळं वाचता येतं. रिसेल घेणाऱ्याची खरी ताकद या वाचनात आहे, आणि बहुतेक जण नेमकं तेच सोडून स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटकडे बघत बसतात.

वयाची अट कुठून आली?

१ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने ॲरिझोनात फिनिक्सजवळ ‘सन सिटी’ खुली केली. कापसाच्या शेतांच्या जागी पाच नमुना घरं, गोल्फचं मैदान, दुकानं आणि करमणूक केंद्र आधी उभारून मगच लोकांना बोलावलं होतं. पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसं बघायला आली आणि २३७ घरं विकली गेली. म्हातारपण म्हणजे मुलाच्या घरातली मागची खोली, हे समीकरण अमेरिकेत तिथून झपाट्याने बदलत गेलं. कॅलिफोर्नियात रॉस कॉर्टेसी याने ‘लेझर वर्ल्ड’ वसाहतींना भिंत, फाटक आणि पहारेकरी दिले. १९६२ साली सील बीच आणि १९६४ साली लगुना हिल्स. त्यातली दुसरी आज ‘लगुना वुड्स व्हिलेज’ म्हणून ओळखली जाते. फ्लोरिडात एका मोबाइल होम पार्कमधून वाढत ‘द व्हिलेजेस’ हे तीन काउंट्यांमध्ये पसरलेलं, पन्नासहून अधिक गोल्फ मैदानांचं शहरच उभं राहिलं.

१९८८ साली मुलं असलेल्या कुटुंबांना घर नाकारणं अमेरिकेत बेकायदा ठरलं. ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट आहे, पण अटींवर. पंचावन्न वर्षांपुढच्यांच्या वसाहतीत वापरात असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांमध्ये पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाची निदान एक व्यक्ती राहत असली पाहिजे, आणि रहिवाशांच्या वयाची नोंद वसाहतीने वेळोवेळी पडताळली पाहिजे. १९९५च्या कायद्याने ही चौकट नक्की केली.

आपल्या घरांमध्ये या अटीचा अर्थ पैशांपेक्षा भावनेने जाणवतो. ‘द व्हिलेजेस’मध्ये एकोणीस वर्षांखालच्या नातवंडाला वर्षात तीस दिवसच मुक्काम करता येतो. उद्या मुलीचा संसार मोडला आणि लहान मुलाला घेऊन ती आईवडिलांकडे यायचं म्हणाली, तर त्या मुलाला कायमचं ठेवून घेता येणार नाही. चाळिशीतल्या मुलाला घर वारशाने मिळेल, पण तिथे राहण्याचा हक्क त्याबरोबर मिळेलच असं नाही. भाड्याने द्यायचं तर त्याचेही नियम वेगळे. हे बोलणं सौद्याआधी मुलांसमोर बसून व्हायला हवं.

हाती नेमकं काय येतं?

‘घर’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे व्यवहार असतात. एकात जमीन आणि घर दोन्ही तुमचं, आणि रहिवासी संघाचं सभासदत्व बंधनकारक. दुसरा प्रकार कॉन्डोचा. त्यात भिंतींच्या आतली जागा तुमची, तर छप्पर आणि बाहेरच्या भिंती सामाईक. तिसरा सहकारी. लगुना वुड्समधली हजारो घरं या प्रकारची आहेत. तिथे मालकी संस्थेची असते आणि तुमच्याकडे येतो तो संस्थेचा शेअर आणि राहण्याचा हक्क. मुंबईत सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जपून कपाटात ठेवणाऱ्यांना हे लगेच उमगेल.

सहकारी घरं तुलनेने स्वस्त दिसतात. मात्र त्यांवर कर्ज देणाऱ्या बँका मोजक्या, त्यामुळे व्यवहार बहुधा पूर्ण रोखीने करावा लागतो. संस्था तुमचं उत्पन्न आणि शिल्लक तपासूनच प्रवेश देते. आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकालाही याच चाळणीतून जावं लागेल.

वर्गणीच्या पलीकडचे पैसे

जाहिरातीत महिन्याची वर्गणी लिहिलेली असते. ती कमी दिसली की माणूस खूश होतो, पण कमी वर्गणी ही कधीकधी धोक्याची खूण असते. छप्परं, रस्ते, तलावाचे पंप, क्लबहाऊसची वातानुकूलन यंत्रणा यांचं आयुष्य ठरलेलं असतं. ती बदलण्यासाठी राखीव निधी साठवावा लागतो. रहिवाशांना खूश ठेवण्यासाठी संचालक मंडळाने वर्षानुवर्षं वर्गणी वाढवली नाही, तर एके दिवशी ‘स्पेशल असेसमेंट’ची नोटीस दारात येते आणि प्रत्येक घराला एकरकमी हजारो डॉलर भरावे लागतात. म्हणून राखीव निधीचा ताजा अहवाल मागा. येत्या तीस वर्षांत काय बदलायचं आहे आणि त्यासाठी हाताशी किती आहे, हे त्यात असतं.

हलगर्जीपणाची किंमत किती असू शकते, हे २४ जून २०२१ रोजी फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावाने पाहिलं. दुरुस्तीच्या खर्चावरून रहिवाशांमध्ये वाद रेंगाळत असताना समुद्रकाठच्या बारा मजली इमारतीचा मोठा भाग मध्यरात्रीनंतर कोसळला आणि ९८ माणसं गेली. त्यानंतर फ्लोरिडाने तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डो इमारतींना बांधकामाची तपासणी आणि त्यासाठीचा राखीव निधी सक्तीचा केला. अनेक जुन्या इमारतींची वर्गणी त्यामुळे एकदम चढली. तिथे कॉन्डो घेणाऱ्याने हे अहवाल पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आणखी तीन रकमा विचारून घ्याव्यात. पहिली, मालक बदलताना वसाहत घेते ते एकरकमी शुल्क. सन सिटीत करमणूक केंद्रांच्या दुरुस्तीसाठी असं शुल्क खरेदीदाराकडून घेतलं जातं. दुसरी, ‘द व्हिलेजेस’सारख्या ठिकाणी रस्ते-गटारांसाठी काढलेल्या रोख्यांचा त्या घरावरचा वाटा. शेजारशेजारची दोन सारखीच घरं, पण एकाचा वाटा फिटलेला आणि दुसऱ्यावर हजारो डॉलर बाकी, असं सहज असू शकतं. ती बाकी घराबरोबर तुमच्याकडे येते. तिसरी, आधीच्या मालकाची थकबाकी. फ्लोरिडात ती नव्या मालकाकडूनही वसूल होऊ शकते, म्हणून संघाकडून बाकीचा लेखी दाखला घ्यायचा असतो. तिकडे त्याला एस्टॉपेल सर्टिफिकेट म्हणतात.

मालमत्ताकराचंही तसंच. फ्लोरिडात राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला तीन टक्क्यांहून अधिक वाढत नाही. पण घर विकलं गेलं की ही मर्यादा सुटते आणि मूल्य बाजारभावाला येतं. वीस वर्षं राहिलेल्या आजींची कराची पावती बघून आपलं अंदाजपत्रक मांडलं, तर पुढच्या वर्षी धक्का बसतो.

मागचं मैदान कुणाचं?

खिडकीतून हिरवळ दिसते म्हणून घराला जास्त पैसे मोजले जातात. पण ती हिरवळ बहुधा तुमची नसते. ती संघाची आहे, की बिल्डरची, की तिसऱ्याच कुठल्या कंपनीची? ती कायम गोल्फचं मैदानच राहील, असं जमिनीच्या नोंदणीकृत करारात लिहिलं आहे का? या दोन प्रश्नांवर घराची किंमत अवलंबून असते.

दोन निकाल पाहा. दोन्ही ठिकाणच्या वस्त्या निवृत्तांसाठी राखीव नाहीत, पण वसलेल्या गोल्फभोवतीच. फिनिक्समधल्या आवाटुकी भागातलं लेक्स गोल्फ मैदान २०१३ साली बंद झालं आणि मालकाला तिथे घरं बांधायची होती. रहिवाशांनी करार पुढे केला. जमीन गोल्फसाठीच वापरायची, असं त्यात लिहिलेलं होतं. कोर्टाने मैदान पुन्हा उभारायला सांगितलं आणि २०१९ साली अपील न्यायालयाने रहिवाशांचीच बाजू घेतली. लास वेगसमधल्या बॅडलँड्स मैदानाची गोष्ट उलटी झाली. तेही बंद पडलं, पण शेजारच्या घरांच्या करारात मैदानाला संरक्षण नव्हतं. शहराने तिथे घरं बांधू दिली नाहीत, तर जमीनमालकच कोर्टात जिंकला. त्याला ४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई देण्याचा निकाल नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली कायम केला. दोन्हीकडच्या घरांमागे हिरवळ होतीच. फरक पडला तो कागदातल्या एका कलमाने.

क्लबचं सभासदत्व ऐच्छिक आहे की सक्तीचं, हेही पाहा. काही वसाहतींत घर घेतलं की मोठं प्रवेशशुल्क आणि वार्षिक वर्गणी भरावीच लागते, मग तुम्ही आयुष्यात गोल्फची काठी कधी धरलेली नसली तरी. अशा ठिकाणी आश्चर्यकारक स्वस्त घर दिसलं, तर त्या स्वस्ताईचं कारण बहुधा हेच असतं.

आणि चेंडू. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूचा फटका चुकला की चेंडू बहुतेक वेळा उजवीकडे वळतो. त्यामुळे टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, बघताना फेअरवेच्या (मधल्या हिरव्या पट्ट्याच्या) उजव्या अंगाला, मारा पोचेल इतक्या अंतरावर असलेल्या घरांच्या काचा जास्त फुटतात. मॅसॅच्युसेट्समधल्या किंग्स्टन गावात एका कुटुंबाच्या आवारात सहाशेहून अधिक चेंडू येऊन पडले. ज्यूरीने त्यांना लाखो डॉलरांची भरपाई दिली, पण २०२२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. चेंडू येणार हे घराच्या करारातच मान्य केलेलं होतं आणि त्या कराराचा ज्यूरीने नीट विचार करायला हवा होता, असं न्यायालय म्हणालं. घर बघायला जाल तेव्हा खेळ भरात असताना तासभर मागे उभे राहा. कौलांवरच्या खुणा आणि शेजाऱ्याने लावलेली जाळी बरंच सांगतात.

भिंतींच्या आत

इथे मात्र जुन्या घराचे नेहमीचेच प्रश्न आहेत. १९७८ ते १९९५च्या दरम्यानच्या घरांत पॉलिब्युटिलीनचे, बहुधा करडे, पाइप असू शकतात. ते आतून ठिसूळ होऊन फुटतात. फ्लोरिडात जुन्या घराचा विमा देण्याआधी कंपन्या छप्पर, वीज, नळजोड आणि वातानुकूलन या चार गोष्टींची तपासणी मागतात. छप्पर जुनं असेल तर विमा महागतो किंवा मिळतच नाही. म्हणून घराच्या किमतीची बोलणी संपण्याआधी विम्याचा दर हातात हवा. शिवाय व्हीलचेअर दारातून जाईल का, न्हाणीघरात आधाराची दांडी बसेल का, पायरी किती, हेही पाहून घ्यावं. पन्नाशीत हे प्रश्न दूरचे वाटतात, पण घर त्यांच्यासाठीच घ्यायचं आहे.

मागे राहणाऱ्यासाठी

माझं सांगणं एवढंच आहे की हे घर दोघांनी मिळून घ्यायचं असलं, तरी हिशेब एकाचा मांडावा. नवरा-बायकोपैकी एक जण आधी जाणार. मागे राहिलेल्याला सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शनचं, एकाचंच मानधन येईल आणि वर्गणी मात्र पूर्ण भरावी लागेल. गाडी चालवणं सुटलं तर गोल्फकार्टवरून किराणा, दवाखाना, देऊळ गाठता येईल का? मराठीत बोलायला कुणी असेल का? फ्लोरिडातल्या टॅव्हारिसची ‘शांतिनिकेतन’ ही भारतीय ज्येष्ठांची वसाहत याच गरजेतून उभी राहिली. तिथे गोल्फपेक्षा घरच्यासारख्या शाकाहारी जेवणाला आणि आपल्या माणसांच्या सोबतीला महत्त्व आहे. तुम्हालाही तेच हवं असेल, तर हिरवळीचे पैसे मोजू नका.

बहुतेक गोल्फ वसाहतींमध्ये शुश्रूषेची सोय नसते, हेही लक्षात ठेवायला हवं. त्या स्वतंत्रपणे राहू शकणाऱ्यांसाठी आहेत. अंघोळ घालायला, भरवायला माणूस लागला की तो खर्च वेगळा, आणि दीर्घकाळच्या अशा सेवेचे पैसे मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा देत नाही.

निर्णयाआधी शक्य असेल तर त्याच वसाहतीत भाड्याने दोन-तीन महिने राहावं, तेही गैरसोयीच्या ऋतूत. ॲरिझोनात जुलैमध्ये, फ्लोरिडात वादळांच्या दिवसांत. संचालक मंडळाच्या गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचावीत. भांडणं कशावरून होतात ते कळलं की वसाहत कळते. अनेक राज्यांत संघाचे कागद हाती आल्यावर ठरावीक दिवसांत सौदा रद्द करण्याची मुभा असते. ते दिवस भिंतींचे रंग निवडण्यात घालवू नयेत. घराच्या दलालाखेरीज स्वतःचा वकील असावा.

महाराष्ट्रातही हा विषय आता परका राहिलेला नाही. पुण्यात ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहती आहेत, आणि महारेरा या राज्याच्या गृहनिर्माण नियामकाने २०२४ साली निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. उद्या आपल्याकडेही या वसाहतींमधली घरं दुसऱ्या-तिसऱ्या हातात जातील. तेव्हाही प्रश्न हेच असतील: मालकी कुणाची, निधी किती, नियम काय, आणि मागे एकटं उरलेलं माणूस इथे सन्मानाने राहू शकेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदपत्रं वाचून ‘हो’ असं देता आलं, तर जुनं घर बेलाशक घ्यावं. ते देता येत नसेल, तर हिरवळ कितीही सुंदर असो, पुढचं घर बघायला निघावं.